कागद कुणाचा, वाचणार कोण?

इजिप्तच्या चित्रलिपीवर गंगाखेडच्या ओसरीत वाद व्हावा, याला कारण झाल्या मराठा आरक्षणाच्या प्रश्नात शोधल्या जाणाऱ्या कुणबी नोंदी. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्या शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडायला सुरुवात झाली. बस्ते सुटले, धूळ झटकली गेली आणि एक अडचण पुढे आली: आतलं वाचायचं कुणी? काही कागद मोडीत, काही उर्दूत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं त्यात होती त्यांना त्यातलं अक्षर लागेना. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला, तेव्हा तर घरातल्या जुन्या ट्रंकाही उघडल्या गेल्या.

माझ्या बायकोने पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकून घेतली आहे. गंगाखेड तिचं आजोळ. तिचे मामा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सातबारा, फेरफार, पैसेवारी यांत त्यांची सगळी नोकरी गेली. मोडीबद्दल त्यांचं मत एका ओळीचं आहे: मेली ते बरं झालं. आरक्षण कुणाला मिळावं, कुणाला नाही, या प्रश्नावर ते दोघंही त्या दिवशी बोलले नाहीत आणि मीही इथे बोलणार नाही. भांडण लिपीचं होतं. सासरच्या माणसांच्या वादात जावयाने पडू नये हा नियम मी बहुतेक पाळला.

मामा : तू मोडी शिकलीस ते चांगलं केलंस, बाई. चार लोकांची कामं होतील. पण तिला उगं देव्हाऱ्यात बसवू नको. लिपी म्हणजे कुलूप. किल्ली ज्याच्या कमरेला, वाडा त्याचा. गावात मोडी कुणाला येत होती? कुलकर्ण्याला, देशपांड्याला, सावकाराला. आणि अंगठा कुणाचा लागायचा? आपल्या पणज्याचा. काय लिहिलंय ते न कळता लागायचा.

भाची : ते मान्य. पण दोष लिपीचा, की ती शिकू न देणाऱ्यांचा?

मामा : परवा फोनवर ते इजिप्तचं दाखवत होतीस ना, वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेल्या देवळाच्या भिंती? ते कुणाला वाचता येत होतं सांग.

भाची : फार थोड्यांना. शंभरात जेमतेम एखाद-दोघांना, असाच अभ्यासकांचा अंदाज आहे. पण मामा, भिंतीवरची चित्रलिपी म्हणजे सगळं इजिप्त नव्हे. ती देवाची आणि राजाची. रोजच्या कामाला तिचंच भरभर लिहायचं रूप होतं, पपायरसवर बोरूने लिहायचं. त्याला हायरॅटिक म्हणतात. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास त्याहूनही धावतं रूप आलं, डेमॉटिक. खरेदीखतं, कराच्या पावत्या, करारमदार, सगळं त्यात. आपल्याकडे पोथी बाळबोधात आणि हिशेब मोडीत, तसंच.

मामा : म्हणजे डेमॉटिक ही तलाठ्याची लिपी.

भाची : अगदी. आणि तुम्हांला आवडेल असं एक सांगते. नाईलच्या पश्चिमेला, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, आज त्याला देर अल-मदिना म्हणतात. तिथे खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेल्या हजारो नोंदी सापडल्या. त्यातला एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षातला. कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का आला नाही. एकाला विंचू चावला. एकाची आई आजारी. एक जण घरी बिअर गाळत बसला होता.

मामा : हे तर रोजगार हमीचं मस्टर झालं! बिअरवाल्याला आम्ही ‘आजारी’ लिहून मोकळे झालो असतो.

भाची : त्याच गावातल्या लोकांना तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर मिळेना. तेव्हा हत्यारं टाकून ते देवळापाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणतात त्याला. सुमारे बत्तीसशे वर्षांपूर्वीच्या मजुरांचा संप आज आपल्याला कळतो तो एका लेखनिकाने लिहून ठेवला म्हणून. तो पपायरस इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे.

मामा : लेखनिकाने लिहिला. संप करणाऱ्याने नाही.

भाची : त्या गावात लिहिता येणारे कारागीरही बरेच होते.

मामा : त्या एका गावात. बाकीच्या मुलखाचं काय? तिथल्या पोरांना शाळेत काय गिरवायला देत होते, ते तूच सांगितलं होतंस.

तिने ते नाइलाजाने पुन्हा सांगितलं. इजिप्तमध्ये लेखनिक होऊ पाहणाऱ्या मुलांकडून एक जुना पाठ पुन्हा पुन्हा उतरवून घेत. त्यात कुंभार, परीट, शेतकरी अशा एकेका धंद्याची हलाखी रंगवून सांगितली आहे, आणि शेवटी तात्पर्य असं की लेखनिक हो, म्हणजे तुझ्या डोक्यावर कुणी राहणार नाही. मामांनी मांडीवर थाप मारली. कुलकर्ण्याच्या घरात पोराला बाराखडीआधी हेच शिकवत असतील, म्हणाले.

भाची : मग मी तुम्हांला आपल्याकडचं उलटं उदाहरण देते. कार्ल्याच्या लेण्यात दाराच्या कामाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय. कान्हेरीत लोहाराचं आहे, भिक्षुणींची आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, ब्राह्मीत आणि लोकांच्या प्राकृतात. सातवाहन राणी नागनिकेचा नाणेघाटातला लेख मोठा खरा, पण सुताराचं नावसुद्धा दगडातच आहे.

मामा : आणि मधली हजार-बाराशे वर्षं ते वाचायला कुणाला येत होतं? दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा खांब उचलून आणवला, पंडित बोलावले. एकालाही वाचता आला नाही. इंग्रजाला येऊन वाचावा लागला.

भाची : जेम्स प्रिन्सेपला, १८३७ मध्ये. सांचीच्या कठड्यावरचे बारके लेख बघताना त्याच्या ध्यानात आलं की बऱ्याचशा लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. देवळात माणूस काय लिहितो? अमक्याचं दान. ती दोन अक्षरं ‘दानं’ निघाली आणि पुढचं सुटत गेलं. म्हणजे कारागिराचं, व्यापाऱ्याचं दान होतं म्हणून राजाचे लेख वाचता आले!

हा डाव तिचा होता. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जनाबाईला पुढे आणलं. गंगाखेडात कुठलाही वाद अखेरीला जनाबाईपर्यंत येतोच. तिचं जन्मगाव ना.

मामा : जनीच्या नावावर एक अभंग आहे. कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले त्याची यादी आहे त्यात. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवाने लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवाने, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखोबाचे अनंतभट्टाने. आणि जनीचे? प्रत्यक्ष पांडुरंगाने. लोक ऐकतात आणि म्हणतात, केवढी भक्ती! मी म्हणतो, केवढी अडचण! दळण-कांडण करणाऱ्या बाईचं लिहून घ्यायला माणूस मिळाला नाही, म्हणून देवाला बोरू धरावा लागला.

हे असं कीर्तनात कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही, आणि सांगितलं तर बुवांना पुढच्या वर्षी बोलावतील की नाही शंका आहे. पण यादी पुन्हा एकदा नीट बघा. चोखोबाला अनंतभट्ट लागतो, सावतोबांना गुरव लागतो. ज्याचं बोलणं आणि ज्याचा बोरू ही बहुतेक ठिकाणी दोन वेगळी माणसं आहेत.

भाची : तरी जनीचे अभंग राहिलेच ना? लिपीवाचून राहिले. जात्यावर राहिले.

मामा : राहिले. पण त्यातले जनीचे किती आणि मागून कुणी तिच्या नावावर घातलेले किती, ते आज कोण सांगणार? लेखी असतं तर हा घोळ झाला नसता.

भाची : बघा, आता तुम्हीच लेखीची बाजू घ्यायला लागलात.

मामा : मी लेखीच्या विरुद्ध कधी होतो गं? पगार त्याचाच खाल्ला. मी कुलपाच्या विरुद्ध आहे.

भाची : मग खरं कुलूप बघायचं तर महानुभाव पंथाचं बघा.

आणि इथून पुढे बोलणं खऱ्या अर्थाने आपल्या मुलखात आलं. चक्रधर स्वामी तेराव्या शतकात याच गोदाकाठाने हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास गोळा केल्या, ते ‘लीळाचरित्र’, मराठी गद्यातला आद्य ग्रंथ. मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली, असं पंथाची परंपरा सांगते. पुढे चौदाव्या शतकात पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या. सकळ लिपी त्यांतली मुख्य. ती ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणाऱ्या रवळोबासाने तयार केली, असं मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरं, काही ठिकाणी संक्षेप, काही ठिकाणी खुणा. सुंदरी, अंक अशा आणखीही लिप्या झाल्या. परिणाम असा की जवळजवळ साडेपाचशे वर्षं मराठीतलं एक मोठं साहित्य मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर राहून त्याला बंद होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, पंथातल्या महंतांनीही हळूहळू पोथ्या दाखवल्या, आणि मग वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या हातून हे साहित्य बाहेर आलं.

राजवाड्यांना चित्रलिपी वाचणाऱ्या शाम्पोलियोंच्या पंक्तीला बसवायचा मोह होतो, पण दोघांचं काम वेगळं होतं. राजवाड्यांपुढे कुणीतरी मुद्दाम लपवलेली मराठी होती आणि मराठी त्यांची मातृभाषा. शाम्पोलियोंपुढची लिपी कुणी लपवलेली नव्हती. ती वाचणारे संपले होते.

मामा : महानुभावांनी केलं ते मला कधी पटलं नाही. पंथातल्या केशिराजबासाला संस्कृतात लिहायचं होतं, तर पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. का? तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील. केवढी मोठी गोष्ट बोलला तो माणूस! आणि त्याच्याच पंथाने दोन पिढ्यांत पोथीला असं कडीकुलूप घातलं की म्हातारीचं सोड, शास्त्र्यालाही उघडेना.

भाची : दिवस वाईट होते, मामा. यादवांचं राज्य बुडालं होतं, सनातनी मंडळी विरोधात. आणि तुम्ही दुसरी बाजू बघत नाही. ज्ञानेश्वरी उघडी होती, प्रत्येक नकलणाऱ्याने तिच्यात आपल्या काळाची भाषा मिसळली. एकनाथांना शके १५०६ मध्ये बसून तिचा पाठ शुद्ध करावा लागला. महानुभावांच्या पोथ्या बंद होत्या, म्हणून त्यांच्यात तेराव्या शतकातली बोली पुष्कळ जशीच्या तशी राहिली. लोक कसं बोलत होते, काय खात होते, बाजारात भाव कसा करत होते. ते कुलूप नसतं तर ही मराठी आज आपल्याला ऐकू आली नसती.

मामा : भाषा वाचली, माणसं बदनाम झाली. आत काय लिहिलंय ते कुणाला वाचता येईना, म्हणून पंथाबद्दल बाहेर नाही नाही ते पसरलं. भाषेच्या अभ्यासकाला फायदा झाला. मार खाल्ला तो गावोगावच्या महानुभावाने.

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं यावर उत्तर नाहीच. अभ्यासकाचं सुख आणि ज्यांचा तो कागद आहे त्यांचं सुख एकच असतं असं नाही.

चहा झाला. मग मामांनीच विचारलं, की ते चित्रलिपीचं अखेर सुटलं कसं. तिने रोझेटाच्या दगडाची गोष्ट सांगितली. पण मामांनी ती मधेच पकडली आणि तिची केली महसुली गोष्ट.

भाची : १७९९ मध्ये नेपोलियनचे सैनिक नाईलच्या मुखाजवळ रशीद म्हणजेच रोझेटा गावी जुन्या किल्ल्याची डागडुजी करत होते. तिथे एक फुटका काळा दगड निघाला. एकच मजकूर तीनदा: वर चित्रलिपी, मधे डेमॉटिक, खाली ग्रीक. चित्रलिपीच्या १४ ओळी उरलेल्या, डेमॉटिकच्या ३२, ग्रीकच्या ५४. ग्रीक वाचता येत होतं.

मामा : मजकूर काय होता?

भाची : इसवी सनापूर्वी १९६ मधला ठराव. मेंफिसला जमलेल्या पुजाऱ्यांनी पाचव्या टॉलेमी राजाचा गौरव केलाय. राजाने देवळांना करांत सूट दिली, बाक्या माफ केल्या, त्याबद्दल. आणि शेवटी हुकूम, की हे दगडावर कोरून देवळांत लावा, तिन्ही अक्षरांत.

मामा : म्हणजे देवस्थान इनामाची सनदच की! एवढा जगप्रसिद्ध दगड, आणि आहे काय, तर सारामाफी. तीन लिप्या कशाला ते मला विचार. देवाला एक, गावाला एक, सरकारला एक. आपल्याकडं आदिलशाहीत वर फारसी आणि खाली मोडी मराठी असले कागद निघतच होते. निजामाच्या राज्यात कचेरीत उर्दू, कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी. माझ्या वडलांची शाळा उर्दूत झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, दप्तराची लिपी बदलली. जमीन तीच राहिली. नोकरीत असताना उर्दू नकला वाचून घ्यायला मी एका म्हाताऱ्या मौलवी गुरुजींकडं जायचो. ते गेल्यावर त्या गठ्ठ्यांना हात लावणारं कुणी उरलं नाही.

भाची : चित्रलिपीचंही तसंच झालं. राज्यकर्ते ग्रीक झाले, कचेऱ्या ग्रीकमध्ये गेल्या. मग ख्रिस्ती धर्म आला, देवळं बंद झाली. शेवटचा चित्रलिपीतला लेख फिली बेटावरच्या देवळात, २४ ऑगस्ट ३९४ चा. पुढे चौदाशे वर्षं एकही माणूस असा नव्हता की ज्याला ती वाचता येईल.

मामा : आणि मधे कुणी प्रयत्न केला नाही?

भाची : पुष्कळ केले. सतराव्या शतकात रोममध्ये किर्शर नावाचा विद्वान पाद्री होता. त्याची समजूत अशी की प्रत्येक चित्रात गूढ तत्त्वज्ञान भरलंय. एका स्तंभावर लंबगोल चौकटीत राजाचं नुसतं नाव होतं. त्याने त्याचा अर्थ लावला ओसायरिस देव, पवित्र विधी आणि नाईलचे लाभ यांवरचं एक अख्खं लांबलचक वाक्य!

मामा : ज्याला जे पाहिजे ते दिसतं. हे लक्षात ठेव, पुढं कामाला येईल.

भाची : ती खोड मोडली मोजणीने. शाम्पोलियोंने दगडावरचे शब्द मोजले. ग्रीक शब्द ४८६, आणि उरलेल्या तुकड्यावर चित्रं १४१९. मग एक चित्र म्हणजे एक शब्द, हे होणारच नाही. त्याच्या आधी इंग्रज पंडित टॉमस यंगने चौकटीतलं टॉलेमीचं नाव उच्चाराने लावलं होतं, पण त्याला वाटायचं की ही सोय फक्त परक्या राजांच्या नावांसाठी. १८२२ च्या सप्टेंबरात शाम्पोलियोंच्या हाती अबू सिंबेलच्या देवळातल्या लेखांच्या नकला आल्या. एका चौकटीत आधी सूर्याचं वर्तुळ, मग एक खूण, मग दुसरीच एक खूण दोनदा. शेवटची ‘स’, हे त्याला माहीत होतं. सूर्याला कॉप्टिक भाषेत ‘रे’ म्हणतात. मधली खूण त्याने जन्म देण्याच्या कॉप्टिक शब्दाशी जोडली. रा-मे-स-स. रामसेस! ग्रीकांच्या हजार वर्षं आधीचा, अस्सल इजिप्तचा राजा. २७ सप्टेंबरला त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे उच्चाराच्या खुणांचा आपला शोध मांडला, आणि पुढे सगळी रीत उलगडली. काही खुणा उच्चाराच्या, काही शब्दाच्या, काही नुसत्या अर्थ दाखवायला शेवटी ठेवलेल्या, आणि सगळ्या एकाच ओळीत मिसळलेल्या.

मामा : त्याला ही कॉप्टिक कुणी शिकवली?

भाची : पुस्तकांतून शिकला, आणि पॅरिसमध्ये एका कॉप्टिक धर्मगुरूकडे. जुन्या इजिप्शियन भाषेचं ते शेवटचं रूप. ग्रीक अक्षरांत लिहितात. बोलायची बंद झाली होती, पण इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेत ती चालू ठेवली होती.

मामा : मग मोठा कोण? तुझा तो फ्रेंच, की ज्याला अर्थ अर्धामुर्धा कळत असून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना म्हणत राहिला तो इजिप्तचा भटजी? तो नसता तर तुझ्या शाम्पोलियोंने सूर्याला काय म्हणलं असतं, सूर्यच?

मी इथे नियम मोडला आणि म्हणालो की मामांचं बरोबर आहे. लिप्या उलगडणाऱ्यांची चरित्रं आपण वाचतो, त्या लिपीतली भाषा तोंडात राखणाऱ्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा अजून बोलत नाहीत त्यालाही हेच कारण आहे: मजकूर तोकडे, द्वैभाषिक लेख नाही, आणि आत कोणती भाषा आहे तेच ठरत नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा जावई झालो.

मामा : म्हणून म्हणतो, भाषा आपली आपल्याजवळ आहे, मराठी. मोडीत दुसरं काय असतं? मराठीच. मग एकदाचं सगळं यंत्राला द्या, देवनागरी करून घ्या, संकेतस्थळावर टाका आणि मोडी मिटवा. रुडकीच्या आयआयटीने तसं यंत्र केलंय म्हणे.

भाची : २०२५ मध्ये जाहीर केलंय, आणि चांगलं काम आहे ते. मी त्याच्या विरोधात नाही. पण तुमच्या इथलाच जुना कागद कसा असतो ते बघा. आधी आडवी रेघ मारून घेतलेली, तिच्याखाली बोरू न उचलता ओळभर अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, विराम नाहीत, इकार ऱ्हस्व-दीर्घ एकच. यंत्राने देवनागरी केली तरी सलग अक्षरांची माळ हातात येते. ती तोडायची कुठे? आणि तारीख? समजा यंत्राने बरोबर वाचलं: ‘अर्बा सबैन मया व अलफ’. झाली देवनागरी. आता सांगा साल कोणतं?

मामा : अरबीत आकडे दिसतात.

भाची : चार, सत्तर, शंभर, हजार. ११७४, शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. केव्हा ५९९ आणि केव्हा ६००, हे महिन्यावर ठरतं, कारण हे साल जानेवारीला बदलत नाही. मृग नक्षत्र लागलं की बदलतं. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९, जानेवारी ते मृग असेल तर ६००.

मामा : मृगाला? म्हणजे पेरणीला! (हे त्यांना फारच आवडलं.) शेतकऱ्याचं साल आहे मग ते. आमच्या जुन्या कागदांत फसली असायचं, त्यात ५९० मिळवायचे, एवढं मला येतं.

भाची : तेच म्हणतेय मी. ते ५९० कुठल्या यंत्रात नाही, तुमच्या डोक्यात आहे. चाहूर काय, बिघा काय, सारा कोणत्या हप्त्याने, ‘बिन’ म्हणजे वडलांचं नाव पुढे आलं, हे सगळं तुम्हांला येतं. मला अक्षरं येतात, तुम्हांला कागद येतो. दोघं बसलो तर वाचन होईल.

मामा : आणि आपण दोघं चुकलो तर? किंवा पैसे घेऊन वाचलं तर? ‘ध’चा ‘मा’ करायला पेशवाईच लागते असं नाही. तो किर्शर निदान फुकटात चुकत होता. उद्या तालुक्यात मोडी वाचणारी तू एकटी असशील आणि तुझ्या एका शब्दावर कुणाचा दाखला, कुणाची जमीन ठरायची असेल, तर नवी कुलकर्णी कोण झाली?

हा प्रश्न विचारताना मामा हसत नव्हते. दिवसभराच्या बोलण्यात मला तो सगळ्यांत मोलाचा वाटला. भाचीनेही तो टोलवला नाही.

भाची : मीच झाले. म्हणून तर म्हणते की मोडी मिटवू नका, वाढवा. वाचणारी एकटी असले तर मी कुलूप. दहा जण वाचायला लागले तर माझं वाचलेलं दुसरा तपासेल. तुम्ही मोडी मेली ते बरं झालं म्हणता. पण मोडी शाळेतून गेली तेव्हा कागद गेले नाहीत, मामा. कागद राहिले आणि वाचणारे गेले. कुलूप तसंच राहिलं, किल्ल्याच कमी झाल्या.

मामा : यंत्र पण पाहिजे.

भाची : पाहिजेच. कोट्यवधी कागद आहेत, माणसं पुरणार नाहीत. यंत्राने आधी वाचावं, माणसाने तपासावं, आणि मूळ कागदाची प्रतिमा शेजारी सगळ्यांना दिसेल अशी असावी.

मामा : आणि उर्दूचं?

भाची : उर्दूचंही हेच. तुमच्या त्या मौलवी गुरुजींसारखी माणसं गावात अजून असतील, त्यांना बोलवा. मराठवाड्याचा कागद नुसत्या मोडीवर सुटणार नाही.

मामांनी ‘मेली ते बरं झालं’ मागे घेतलं का? नाही. अंगठा लावणारा पणजोबा ते विसरायला तयार नाहीत, आणि त्यांनी विसरू नये असंच मला वाटतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फसली सन, जुनी मापं आणि सारापट्टीच्या हप्त्यांची एक यादी भाचीला स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. देवनागरीत.

माझी मागणी साधी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसील कार्यालयात मोडी वाचणारे निदान दोघं आणि उर्दू वाचणारे निदान दोघं असावेत. एकाने वाचलेलं दुसऱ्याच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. आणि निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, जुने शिक्षक यांना त्यांच्या शेजारी मानधनावर बसवावं. ही माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत.

तोवर तुमच्या घरात रुमालात बांधलेले कागद असतील तर एवढं करा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, घडीवर फाटत असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्के, शेरे आणि साल पुष्कळदा पाठीमागे असतात. वाचायला देताना छायाप्रत द्या, मूळ कागद हातातून सोडू नका. आणि वाचन दोन वेगवेगळ्या माणसांकडून, एकमेकांना न सांगता, करून घ्या.